टोरंटोला किती वेळ लागतो

"टोरंटोला किती वेळ लागतो?" असं कुणी विचारलं, की ग्वाल्तेरकाका आधी विचारायचे, "कोणत्या महिन्यात?" महिना कळला की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "जायचंय की यायचंय?"

भर अटलांटिकमधल्या आमच्या सांता मारिया बेटावर हा प्रश्न दर आठवड्याला कुणाला तरी पडतोच. या बेटावर जेवढी माणसं राहतात, त्याहून जास्त माणसं या बेटाची आहेत आणि बेटावर नाहीत. कुणाची बहीण येणार असते, कुणाचा मुलगा सुट्टी संपवून परत निघालेला असतो. तिकिटावर वेळ छापलेली असते, पण ती झाली कंपनीची वेळ. खरी वेळ ग्वाल्तेरकाकांना विचारायची, अशी आमच्याकडे रीत पडून गेली होती.

ते आमारोच्या कॅफेत खिडकीजवळ बसत. खिशातून बोटाएवढी उरलेली पेन्सिल काढून कागदी रुमालावर आकडे मांडत. आमच्या शेजारच्या मोठ्या बेटावर, पोंता देल्गादाला, छोट्या विमानानं जायचं आणि तिथून टोरंटोचं मोठं विमान धरायचं. पोंता देल्गादा ते टोरंटो साडेचार हजार किलोमीटर. हे अंतर बदलत नाही, वारा बदलतो. जानेवारीत पश्चिमेचा वारा छातीवर घेऊन जायचं तर सहा तास, कधी त्याहूनही थोडे जास्त. तोच वारा पाठीशी घेऊन यायचं तर पाचाच्या आत. उन्हाळ्यात हा फरक कमी होतो.

"म्हणजे आपण गेलेलं वाऱ्यालासुद्धा आवडत नाही," आमारो दर वेळी म्हणायचा. त्यावर काका तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायचे, की वाऱ्याला तू माहीतसुद्धा नाहीस.

मी त्यांच्या शेजारच्या घरात वाढले. लहानपणी शाळेतल्या नकाशाचं मला कोडं पडलं होतं. टोरंटो आमच्याहून थोडंसंच उत्तरेला, मग विमान सरळ रेषेत न जाता आधी इतकं वर का चढतं आणि शेवटी किंचित खाली का उतरतं? काकांनी झुल्मीराकाकूंच्या टोपलीतलं एक संत्रं उचललं, त्यात दोन लवंगा खोचल्या आणि एका लवंगेपासून दुसरीपर्यंत शिवणाचा दोरा धरायला लावला. मी दोरा नकाशातल्यासारखा आडवा ठेवला. ते म्हणाले, आता ताण. ताणल्याबरोबर दोरा आपणहून वर सरकला आणि तिथे घट्ट बसला. मी तो पुन्हा खाली आणायला गेले तर तो सैल पडून लोंबू लागला. त्या दिवसापासून नकाशांवरचा माझा विश्वास थोडा उडाला. काकू मात्र आतून ओरडल्या, की लवंगा काय झाडाला लागतात का या घरात.

काका बाविसाव्या वर्षी आमच्या बेटावरच्या नियंत्रण केंद्रात लागले आणि चौतीस वर्षांनी निवृत्त झाले. अटलांटिकवरून जाणाऱ्या विमानांकडे हे केंद्र बघतं. बघतं म्हणायचं एवढंच. भर समुद्रावर रडार पोचत नाही, त्यामुळे काकांना त्यांचं एकही विमान कधी दिसलं नाही. त्यांच्यासमोर कागदाच्या अरुंद पट्ट्या असायच्या, एका विमानाची एक पट्टी. दर दहा रेखांशांवर वैमानिक रेडिओवरून कळवायचा, की मी इथे आहे, एवढ्या उंचीवर आहे, पुढच्या जागी अमुक वाजता पोचेन. काका ते पट्टीवर लिहीत आणि वाऱ्याचा तक्ता बघून पुढची वेळ पडताळून ठेवत. मग तासभर काही नाही. तासाभरानं पुढचा निरोप आला की पेन्सिलीची एक खूण. शेवटी चाळीस पश्चिम, म्हणजे चाळीस अंश पश्चिम रेखांश, आलं की आमची हद्द संपून न्यूयॉर्कच्या केंद्राची सुरू होई आणि पट्टी बाजूला निघे.

या नोकरीनं त्यांना एक खोड लावली, आणि ती खोड सगळ्या गल्लीला सोसावी लागली. विमानांचं जग एकाच वेळेनं चालतं. देश कुठलाही असो, घड्याळ एकच. ते लोक त्या वेळेला झुलू म्हणतात. काकांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर हेच घड्याळ होतं आणि मनगटावरचं घड्याळ ते रोज सकाळी त्याच्याशी मिळवून घेत. उन्हाळ्यात कुणाचं काही अडत नसे, कारण तेव्हा आमची वेळ आणि ती वेळ एकच असते. ऑक्टोबरच्या शेवटी सगळं बेट आपली घड्याळं तासभर मागे घेतं. काका घेत नसत. म्हणजे हिवाळाभर त्यांच्या घरात बारा वाजलेले असले, की बाहेर चर्चमध्ये अकराचे ठोके पडत. काका तो तास मनात वजा करत. आम्हीही करत असू, आणि दर हिवाळ्यात दोन-चारदा चुकत असू. वाढदिवसाला लवकर पोचायचं, जेवायला उशिरा.

"जगाला वेळ सांगायची नोकरी याची," झुल्मीराकाकू म्हणायच्या, "आणि घरात जेवायला हाक मारली की विचारतो, कोणत्या वेळेनं? हा माणूस झुलूबरोबर नांदतो, झुल्मीराबरोबर नाही."

या सगळ्यात एक गोष्ट आम्हाला इतकी सवयीची होती, की तिचं नवल वाटायचं आम्ही विसरलो होतो. ग्वाल्तेरकाका आयुष्यात एकदाही विमानात बसले नव्हते. लष्कराच्या नोकरीसाठी गेले ते बोटीनं, आले ते बोटीनं. पुढे पोंता देल्गादाला डोळे दाखवायला गेले तेही उन्हाळ्यातल्या बोटीनं. स्वतःच्या हातचं न जेवणारा आचारी, असं आमारो त्यांना चिडवायचा. ते चिडत नसत. कधी गाय विणार असायची, कधी काकूंचा गुडघा दुखायचा, कधी पवित्र आत्म्याच्या सणाला गावजेवणाच्या सूपाची मोठी पातेली सांभाळायला यांच्याशिवाय कुणी नसायचं.

त्यांचा थोरला भाऊ दुआर्त टोरंटोत राहत होता. शहात्तर साली एप्रिलमध्ये गेला. तेव्हा मोठी विमानं आमच्याच धावपट्टीवरून उडायची. तिकडे आधी बांधकामावर, मग एका शाळेच्या इमारतीची देखभाल. त्रेचाळीस वर्षांत दोनदा आला, दुसऱ्यांदा आईला पुरायला. बाकी दर रविवारी फोन. अलीकडे त्याची मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, लांबचा प्रवास बंद.

नोव्हेंबरमध्ये त्याच्या मुलीचा, लिदुईनाचा, फोन आला. त्या वेळी मी काकूंकडे पीठ मागायला गेले होते. काकूंना नीट ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"काका, बाबा हल्ली विचारत नाहीत," ती म्हणाली. "पूर्वी दर रविवारी म्हणायचे ना, ग्वाल्तेर, कधी येतोस? आता म्हणत नाहीत. तुमच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही. म्हणून मीच फोन केला."

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, जानेवारीत येतो.

ही बातमी संध्याकाळपर्यंत बेटभर झाली. काकूंनी बॅग आणली. पासपोर्टचा फोटो काढताना काकांनी टाय लावला. लिदुईनानं तिकीट काढून पाठवलं. काकू स्वतः जाणार नव्हत्या, दोघं गेलो तर गायींना कोण बघणार. पण दुआर्तसाठी काय काय पाठवायचं याची यादी त्यांनी त्याच दिवशी सुरू केली. चीज, घरचं सॉसेज, कानाच्या आकाराची आपली बिस्किटं. लिदुईनानं कळवलं, की बाबांना यातलं जवळजवळ काहीच चालत नाही. काकू म्हणाल्या, मग वास घेईल.

निघायच्या चार दिवस आधी आमारोनं कॅफेत सगळ्यांसमोर विचारलं, की आता स्वतःचं सांग, जानेवारी, जाताना, किती वेळ? काकांनी पेन्सिल काढली, कागदी रुमाल पुढे ओढला आणि नुसते बघत राहिले. मग पेन्सिल परत खिशात ठेवून म्हणाले, की वाऱ्याचे नकाशे अजून आलेले नाहीत. सगळे हसले. मीही हसले.

तो दिवस असा ठरला होता. छोटं विमान अकरा चाळीसला. काकू सकाळीच बहिणीकडे सान्तु एश्पिरितु गावी जाणार, ताजी बिस्किटं घेऊन परस्पर विमानतळावर येणार. काकांना मी गाडीनं सोडायचं. त्यांनी मला सांगितलं होतं, माझ्या घड्याळात साडेअकरा वाजता ये. मी तास वजा केला आणि साडेदहाला गेले.

काका टाय लावून स्वयंपाकघरात बसले होते. बॅग दाराशी होती. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. घड्याळात साडेदहा वाजले होते.

"तासभर लवकर आलीस," ते म्हणाले. "बस. कॉफी करतो."

मला वाटलं, झाली दर हिवाळ्यातली चूक. तास मिळवायचा होता की वजा करायचा होता, कोण जाणे. माझ्या खिशात फोन होता. तो काढून बघावा असं मला सुचलं नाही. विमानांच्या वेळेवरून ग्वाल्तेरकाकांशी वाद घालायचा नाही, हे आमच्या इथे पोरांना चालायला लागण्याआधी कळतं.

आम्ही कॉफी घेतली. चर्चचे ठोके पडले, ते मी मोजले नाहीत. काका त्या दिवशी कधी नव्हे ते बोलत होते. एकदा एका वैमानिकानं मध्यसमुद्रात विचारलं होतं, की फुटबॉलचा निकाल काय लागला. एकदा रेडिओवर कुणीतरी गुणगुणत होतं आणि ते कोणत्या विमानातून येतंय हे शेवटपर्यंत कळलं नाही. मध्ये दोनदा फोन वाजला. काका म्हणाले, आमारो असेल, टिंगल करायला, वाजू दे. साडेअकराला त्यांनी टोपी घातली आणि आम्ही निघालो. विमानतळ पाच मिनिटांवर. पोचलो तेव्हा छोट्या विमानाची दारं बंद झाली होती आणि पंखे फिरत होते. काकू काचेच्या दारात बिस्किटांचा डबा पोटाशी धरून उभ्या होत्या. काउंटरवरच्या मुलीनं तिथून घरी दोनदा फोन लावला होता.

विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं आणि उडालं. तिघंही बघत राहिलो. हिवाळ्यात टोरंटोचं विमान रोज नसतं. रिकामी जागा असलेलं पुढचं विमान गुरुवारचं, आठ दिवसांनी.

घरी आल्यावर काकूंनी भिंतीकडे पाहिलं आणि खुर्चीत बसल्या. आदल्या संध्याकाळी त्यांनीच स्टुलावर चढून ते घड्याळ तासभर मागे घेतलं होतं. प्रवासाच्या गडबडीत याच्याकडून वेळेचा घोळ होईल, म्हणून त्यांनी एका दिवसापुरतं घरातलं घड्याळ बेटाच्या वेळेवर आणलं होतं. सकाळी सांगू म्हणाल्या आणि बिस्किटांच्या नादात विसरल्या. काकांनी त्या बेटाच्या वेळेतून आणखी एक तास वजा केला. एवढ्यानं विमान गेलं.

दोन दिवस त्या घरातून आवाज आला नाही. काकू रडत होत्या हे भिंतीपलीकडून कळायचं. कॅफेत लोक बोलत होते, की बिचारीनं चांगल्यासाठी केलं आणि भावाभावांची भेट घालवली. लिदुईनानं फोनवर सांगितलं होतं, की बाबांची तब्येत या आठवड्यात जास्त खालावली आहे. ते कळल्यावर काकूंनी चूल पेटवली नाही. आईनं सलगमाचं सूप करून माझ्या हाती दिलं.

मी गेले तेव्हा दोघं टेबलाशी समोरासमोर बसली होती. मी सूप वाढलं. काकूंनी चमचा उचलला नाही.

"मला माहीत होतं," काका म्हणाले.

काकूंनी वर पाहिलं.

"ठोके पडले तेव्हा मोजले मी. अकरा. आणि घड्याळातही अकराच. बारा हवे होते. तेव्हा निघालो असतो तर मिळालं असतं विमान." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिला काही माहीत नव्हतं. फोन विमानतळावरून आहे तेही मला कळलं होतं."

काकूंनी पुढ्यातलं सूप बाजूला सारलं. मग त्यांनी सावकाश विचारलं, "दोन दिवस मला रडू दिलंस?"

"हो."

"का?"

मग काकांनी शहात्तर सालची गोष्ट सांगितली. काकूंनाही ती ठाऊक नव्हती. दुआर्त गेला त्या दिवशी काका कामावर होते. नोकरीला वर्षच झालं होतं. भावाच्या विमानाची पट्टी त्यांच्याच हातात आली. उड्डाण दुपारी एकला. तीस पश्चिमचा निरोप वेळेवर आला. पुढचा निरोप चाळीस पश्चिमचा, वेळ त्यांनीच पडताळून लिहिली होती. ती वेळ झाली. निरोप नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. रेडिओवर नुसती खरखर. हे अधूनमधून व्हायचं, सूर्यावर काही झालं की आवाज बुडायचे, वरिष्ठांनी हे त्यांना शिकवलं होतं. तरी चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत दुआर्त कुठे होता, याला जगात एकच पुरावा होता, तो म्हणजे बावीस-तेवीस वर्षांच्या पोरानं पेन्सिलीनं लिहिलेला आकडा. शेवटी मागून येणाऱ्या दुसऱ्या विमानानं निरोप पोचवला. सगळं ठीक होतं. काकांनी खूण केली आणि पट्टी बाजूला काढली.

"तुम्हाला वाटतं विमान आकाशात असतं," ते म्हणाले. "मी तिथे काम केलंय. ते आकाशात असतं हा अंदाज असतो."

"आणि ते विमान पोचलं का, ग्वाल्तेर?" काकूंनी विचारलं.

"पोचलं."

"माणूस तिकडे उतरला, लग्न केलं, पोर झाली, मूत्रपिंडं नासवून बसला. आणि तू अजून त्या चाळीस मिनिटांत बसलायस?"

काकू उठल्या आणि त्यांनी टोरंटोला फोन लावला. तिथे दुपार होती, दुआर्त नुकताच डायलिसिसहून आला होता. काकूंनी एका श्वासात सगळं सांगून टाकलं, घड्याळ, ठोके, पट्टी, चाळीस पश्चिम. पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. दुआर्त हसत होता.

"तेव्हा आम्ही जेवत होतो," तो म्हणाला.

"काय?" काका फोनच्या जवळ सरकले.

"जेवत होतो रे. उडाल्यावर तासा-दीड तासानं वाढलं त्यांनी. कोंबडी, पिवळा भात आणि वाटीत पुडिंग. शेजारच्या बाईला पुडिंग नको होतं, तिचंही मी खाल्लं."

"चाळीस मिनिटं जेवत होतास?"

"पाव तास. मग झोपलो."

काकूंना हसू फुटलं आणि हसतानाच त्यांनी हातातल्या फडक्यानं डोळे पुसले. काका हसले नाहीत. ते कपाळाला आठ्या घालून बसले होते, पण त्या आठ्या वेगळ्या होत्या. कॅफेत कुणी महिना न सांगता नुसतं टोरंटो विचारलं, की ते असे बघत.

"ताट कशावर ठेवतात?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या खुर्चीच्या पाठीला फळी असते, ती खाली येते."

"हलत नाही?"

"थोडं हलतं. पुडिंग जास्त हलतं."

"खिडकी होती तुझ्याकडे?"

"होती."

"काय दिसत होतं?"

"पंख."

"आणि खाली?"

"खाली मी बघितलंच नाही, ग्वाल्तेर," तो म्हणाला. "मला कुठे ठाऊक होतं की तिथे काही बघायचं असतं. तू असतास तर बघितलं असतंस."

लिदुईनानं गुरुवारचं तिकीट पक्कं केलं. उरलेले दिवस काकांनी विमानात बसलेल्या बेटावरच्या एकाही माणसाला सोडलं नाही. चौतीस वर्षं ज्यांना ते उत्तरं देत आले, त्यांना आता हे विचारत होते. कान दुखतात म्हणजे नेमके कधी? उतरायच्या आधी खालून धडधड आवाज येतो तो चाकांचा का? तो आला की लोक गप्प होतात का? झोपलेल्या माणसाला जेवणासाठी उठवतात की त्याचं ताट तसंच परत जातं? आमारोनं तर टेबल पुसलं, समोर खुर्ची ओढली आणि म्हणाला, इतकी वर्षं तू शिकवलंस, आता बस आणि ऐक. त्यानं त्यांना पट्टा कसा लावायचा तेही स्वतःच्या कमरेच्या पट्ट्यावर करून दाखवलं. ग्वाल्तेरकाकांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. किती वेळ लागेल, हे मात्र त्या आठवड्यात त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

गुरुवारी आम्ही दीड तास आधी पोचलो. काकू शेवटपर्यंत त्यांच्या कोटाची कॉलर नीट करत होत्या. दुआर्तच्या तब्येतीचं त्या दिवशी सकाळी काही कळलं नव्हतं. लिदुईनाचा फोन लागत नव्हता आणि ती गोष्ट आम्ही तिघांनी एकमेकांसमोर काढली नाही. आत जायच्या आधी त्यांनी मला विचारलं, की दार आतून बंद करतात की बाहेरून. मी म्हटलं, आतून. त्यांनी मान हलवली, जणू हे एवढंच राहिलं होतं, आणि गेले. विमान ढगात शिरेपर्यंत काकू काचेशी उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "चल. गायींना पाणी पाजायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, तेव्हा मी तिथेच होते. काकूंनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं, एकटीनं फोन उचलायला त्या धजत नव्हत्या.

"पोचलो," काका म्हणाले. "दुआर्त बरा आहे. झोपलाय आता."

काकू खाली बसल्या.

"जेवण त्यानं सांगितलं त्याहून वाईट होतं," ते सांगत होते. "कोंबडी नव्हती. चाळीस पश्चिमला मी जागा होतो. खाली बघितलं."

"काय होतं?"

"पाणी."

"मग काय असणार होतं, ग्वाल्तेर?"

"एक जहाज पण होतं," ते म्हणाले. "बारीकसं. त्याच्यामागे पांढरी रेघ होती. कुठे निघालं होतं कोण जाणे."

विमानतळावर काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. ते मला पुढे लिदुईनानं सांगितलं. डॉक्टर नको म्हणत असताना तिचे वडील हट्टानं विमानतळावर आले होते, चाकांच्या खुर्चीत, कानांवर लोकरीची टोपी ओढून. बाहेर पडणाऱ्या लोकांत तिनं काकांना ओळखलं नाही, वडिलांनी ओळखलं. काकांनी बिस्किटांचा डबा खाली ठेवला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"बारीक झालास," काका म्हणाले.

"तू म्हातारा झालास," दुआर्त म्हणाला.

मग काकांनी लिदुईनाच्या हातातून खुर्ची घेतली आणि ढकलायला सुरुवात केली. बाहेर जायचं दार उजवीकडे होतं. ते कुणाला न विचारता डावीकडे वळले. भाड्यानं गाड्या देणाऱ्यांच्या खिडक्या मागे पडल्या, बंद झालेलं एक दुकान मागे पडलं, पुढे नुसता लांबलचक रिकामा बोळ होता आणि टोकाला काचेची भिंत. काका वाट चुकले म्हणून लिदुईना हाक मारणार होती. पण दुआर्तनं मागे न बघता, जाऊ दे अशी खूण करत हात वर केला आणि तिला थांबवलं. तिनं डबा आणि बॅग उचलली आणि ती गुपचूप त्यांच्या मागून चालू लागली.